घर कारखान्यात, सांधे जागेवर

अमेरिकेत मुलीकडे चार महिने राहून परतलेले आमचे एक निवृत्त शिक्षकमित्र परवा गप्पांच्या ओघात म्हणाले, "हमरस्त्यावरून अर्धे घर चाललेले मी या डोळ्यांनी पाहिले." एका ट्रकच्या मागे लांबलचक घर जोडलेले होते. छप्पर, खिडक्या, दाराबाहेरचा दिवा, सगळे जागच्या जागी. फक्त एका बाजूला भिंतच नव्हती. तिथे प्लॅस्टिकचे कापड ठोकलेले होते आणि ते वाऱ्याने फडफडत होते. थोड्या वेळाने त्याच घराचा दुसरा अर्धा भागही मागून आला. "असली घरे घेतात कोण? आणि ती टिकतात तरी कशी?" असे त्यांनी आम्हाला विचारले.

त्यांनी पाहिलेले घर कारखान्यात बांधलेले होते. अमेरिकेत 'कारखान्यात बांधलेले घर' या एकाच नावाखाली निदान चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. घर उभे राहून रंगरंगोटी झाली की बाहेरून पाहणाऱ्याला त्यांतला फरक सहसा कळत नाही. किंमत, कर्जाचा व्याजदर, वादळातील सुरक्षितता आणि पुढे विकताना मिळणारे पैसे मात्र या फरकावरच ठरतात. तो ध्यानात आला नाही, तर आयुष्याची कमाई भलत्याच वस्तूत अडकू शकते. हे प्रकार कोणते, ते ओळखायचे कसे आणि त्यामागचे विज्ञान काय, ते या लेखात पाहू.

कारखान्यात कशासाठी?

अमेरिकेतील बहुतेक स्वतंत्र घरे लाकडी सांगाड्याची असतात, हे आधी लक्षात घ्यावे. उभ्या लाकडी पट्ट्यांची चौकट, बाहेरून प्लायवूडसारखे तक्ते, आतून जिप्समचे तक्ते आणि मधल्या पोकळीत उष्णतारोधक थर, अशी तिथली भिंत असते. असे घर उघड्यावर बांधताना लाकूड पावसात भिजते, फुगते आणि वाळताना पिळवटते. कारखान्यात डोक्यावर छप्पर असते. लाकूड कोरडे राहते. मापाचे साचे असल्याने प्रत्येक भिंत काटकोनात बसते. उरलेले तुकडे पुढच्या घराला वापरता येतात, त्यामुळे नासाडी कमी होते.

वेळही वाचतो. एरवी पाया झाल्याशिवाय भिंत उभी राहत नाही. इथे मात्र जागेवर पाया खणला जात असतानाच दूर कुठेतरी भिंती आणि छप्पर तयार होत असतात. दोन कामे एकामागून एक न होता एकाच वेळी चालतात.

पण काही कामे कारखान्यात होऊच शकत नाहीत. पाया घालणे, घराचे तुकडे एकमेकांना जोडणे, घर पायाला जखडणे, पाण्याचे व सांडपाण्याचे नळ जोडणे ही कामे जागेवरच करावी लागतात. थोडक्यात, भिंती कारखान्यात तयार होतात आणि सांधे जागेवर तयार होतात. अशा घराचे बरेवाईट बहुतेक वेळा सांध्यांतच दडलेले असते.

चार प्रकार

हे प्रकार कपड्यांच्या उदाहरणाने सहज समजतात. कापडाचा तागा आणून घरी बेतून शिवणे म्हणजे जागेवर बांधलेले घर. बेतून, कापून दिलेले तुकडे आणून घरी शिवायचे, हा पहिला प्रकार. बाह्या, कॉलर, पाठ असे भाग शिवून मिळाले आणि ते फक्त जोडायचे, तर दुसरा. सदऱ्याचे दोन-तीन मोठे भाग पुरे शिवून आले आणि एक-दोन टाके घालायचे राहिले, तर तिसरा व चौथा. तिसऱ्या व चौथ्यात फरक काय, तो पुढे येईलच.

पहिला प्रकार कापून आलेल्या सामानाचा. यात प्रत्येक लाकूड मापात कापून, त्यावर क्रमांक घालून पाठवतात. सीअर्स रोबक या अमेरिकन कंपनीने १९०८ ते १९४० या काळात टपालाने येणाऱ्या सूचिपत्रातून अशी सुमारे ७०,००० घरे विकली. सामान रेल्वेने येई, सोबत जोडणीची पुस्तिका असे. घर मात्र गिऱ्हाइकाला स्वतः किंवा सुतार लावून उभारावे लागे. त्यांतली बरीच घरे आजही वापरात आहेत. आजही काही कंपन्या ओंडक्यांची वा लाकडी घरे या पद्धतीने विकतात. यात कारखान्याचा वाटा सर्वांत कमी आणि जागेवरच्या कारागिराचा सर्वांत जास्त असतो.

दुसरा प्रकार पॅनेलच्या घराचा. यात पूर्ण भिंतीच ट्रकवर एकावर एक रचून येतात. काही कारखाने नुसती चौकट व बाहेरचा तक्ता देतात, तर काही खिडकी, तारा आणि उष्णतारोधक थर यांसह भिंत देतात. घराचा सांगाडा थोड्या दिवसांत उभा राहतो. आतले काम जागेवर होते.

तिसरा प्रकार मॉड्युलर घराचा. यात खोल्यांचे आख्खे खोके तयार होऊन येतात. जमीन, भिंती, छत, नळ, विजेच्या तारा, स्वयंपाकघरातील कपाटे, सगळे आत बसवलेले असते. क्रेनने हे खोके उचलून कायमच्या पायावर ठेवतात आणि एकमेकांना जोडतात. एकावर एक ठेवून दुमजली घरही करता येते.

चौथा प्रकार म्हणजे तिथे ज्याला 'मॅन्युफॅक्चर्ड होम' म्हणतात ते घर. आमच्या मित्रांनी पाहिले ते बहुधा हेच. यातही खोकेच असतात, पण प्रत्येक खोके पोलादी चासीवर बांधलेले असते. ट्रकला खाली जशी चासी असते, तशीच ही. तिला आस आणि चाके लावून घर ओढत नेतात. जागेवर पोचल्यावर चाके काढता येतात, चासी मात्र घराच्या पोटाखाली तशीच राहते. एकाच खोक्याचे घर अरुंद आणि लांब असते. दोन खोके शेजारी जोडून रुंद घर करतात. जिथे हे दोन भाग मिळतात त्या रेषेला तिथले कामगार 'मॅरेज लाइन' म्हणतात. ही लग्नगाठ नीट बसली नाही, तर जमिनीला उंचवटा येतो, छपरातून पाणी झिरपते आणि थंडीत घरातली ऊब त्या फटीतून निघून जाते.

खोक्यात हवा किती?

खोके सर्वांत जास्त तयार होऊन येते, मग सगळी घरे खोक्यांचीच का नसतात? त्याचे उत्तर एका साध्या हिशोबात आहे.

समजा, खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. तिचे घनफळ ३६ घनमीटर. आता तिच्या सहा बाजू सुट्या करू. चार भिंतींची मिळून लांबी १४ मीटर आणि उंची ३ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ ४२ चौरस मीटर. जमीन व छत प्रत्येकी १२, म्हणजे २४. एकूण ६६ चौरस मीटर. जाडी १० सेंटीमीटर धरली, तर या सर्व फळ्यांचे घनफळ ६.६ घनमीटर होते. म्हणजे तीच खोली खोक्याच्या रूपात सुमारे साडेपाचपट जागा अडवते. खोके वाहून नेणारा ट्रक मुख्यतः हवाच वाहत असतो!

शिवाय खोक्याची रुंदी रस्त्याच्या रुंदीवर ठरते. वळणे, पूल, विजेच्या तारा आडव्या येतात. खास परवाना आणि सोबत इशारा देणाऱ्या गाड्या लागतात. कारखान्यापासून जितके दूर जावे तितका हा खर्च वाढतो. म्हणून दूरच्या किंवा अवघड जागी पॅनेल किंवा कापून आलेले सामान परवडते, आणि कारखाना जवळ व रस्ता मोठा असेल तर खोके परवडते.

वाहतुकीचा आणखी एक परिणाम आहे. जागेवर बांधलेल्या घराला जन्मात कधी खड्ड्यांतून प्रवास करावा लागत नाही. खोक्याला तो करावा लागतो. धक्के, पीळ, क्रेनने उचलताना येणारा ताण, हे सगळे सोसण्यासाठी त्यात जास्तीचे लाकूड, खिळे आणि सरस वापरावा लागतो. चासीचे कामही मुख्यतः हेच.

दोन सारखी घरे, दोन नियम

आता तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारातील खरा फरक पाहू. तो चासीपुरता नाही, नियमांचा आहे.

मॉड्युलर घर ज्या राज्यात व गावात जाणार, तिथल्या जागेवरच्या घरांना जो बांधकाम नियम लागू असतो, तोच त्यालाही लागतो. चौथ्या प्रकाराचे तसे नाही. चाकांवरच्या घरांच्या दर्जाबद्दल तक्रारी वाढल्यावर अमेरिकेच्या संसदेने १९७४ मध्ये कायदा केला. त्यानुसार गृहनिर्माण व नगरविकास खात्याने, ज्याला थोडक्यात 'हड' म्हणतात, साऱ्या देशासाठी एकच नियमावली तयार केली. ती १५ जून १९७६ पासून लागू झाली. त्याआधीच्या घरांना 'मोबाइल होम' म्हणत. १९८० मध्ये कायद्यातील हा शब्द बदलला, पण लोकांच्या तोंडी तो राहिला. म्हणून जुने घर घेताना ते जून १९७६ च्या आधीचे की नंतरचे, हा पहिला प्रश्न असतो.

नियमावलीप्रमाणे बांधलेल्या घराच्या प्रत्येक खोक्याला बाहेरून एक छोटी लाल धातूची पट्टी ठोकलेली असते. आत कपाटात किंवा विजेच्या पेटीजवळ एक माहितीपत्रक चिकटवलेले असते. घर कोणत्या वाऱ्यासाठी, छपरावरच्या किती बर्फासाठी आणि किती थंडीसाठी बांधले आहे, हे त्यावर नकाशासह छापलेले असते. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचावी, तसे हे पत्रक वाचावे लागते. शांत हवेच्या प्रदेशासाठी बांधलेले घर स्वस्त मिळाले म्हणून वादळी किनाऱ्यावर नेऊन ठेवणे धोक्याचे असते.

नियमाचा फरक आरोग्यापर्यंत कसा पोचतो, हे २००५ मध्ये दिसले. कॅटरिना वादळानंतर बेघर झालेल्या हजारो कुटुंबांना सरकारने तात्पुरती घरे दिली. त्यांत सहलीसाठी वापरायचे ट्रॅव्हल ट्रेलर फार होते. दिसायला ते चाकांवरच्या घरासारखेच, पण कायद्याने ते वाहन ठरत. त्यामुळे 'हड'ची नियमावली त्यांना लागू नव्हती. प्लायवूड आणि पार्टिकल बोर्ड यांच्या सरसातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू बाहेर पडतो. तो डोळे व घसा चुरचुरवतो आणि कर्करोगाशीही त्याचा संबंध आहे. घरांसाठी त्यावर १९८० च्या दशकापासून मर्यादा होती, ट्रेलरसाठी नव्हती. लहान जागा, बंद खिडक्या आणि दमट उन्हाळा यांत वायू साठत गेला. लोकांनी तक्रारी केल्या. २००८ मध्ये जाहीर झालेल्या सरकारी तपासणीत त्याचे प्रमाण वाढलेले आढळले, ट्रेलरमध्ये तर विशेषच. पुढे २०१० मध्ये अशा लाकडी तक्त्यांवर सर्वत्र मर्यादा घालणारा कायदा झाला.

वारा आणि तणावे

कारखान्यातले घर वादळात उडून जाते, असे सर्रास म्हटले जाते. यात खरे किती?

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग सेकंदाला मीटरमध्ये घेतला, तर दाब साधारणपणे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, इतके न्यूटन दर चौरस मीटरवर पडतो. ताशी १६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ४५ मीटर. दाब होतो सुमारे १२०० न्यूटन. १८ मीटर लांब व अडीच मीटर उंच भिंतीचे क्षेत्रफळ ४५ चौरस मीटर. तिच्यावरचा एकूण जोर सुमारे ५४,००० न्यूटन, म्हणजे साडेपाच टन वजनाइतका झाला. हा हिशोब ढोबळ आहे, पण कल्पना येण्यास पुरेसा आहे. वेग निम्मा असेल तर हाच जोर चौथाई होतो. शिवाय छपरावरून जाणारा वारा छपराला वर ओढत असतो.

विटांचे घर निदान आपल्या वजनाने बसून राहते. लाकडी खोके हलके असते, आणि अरुंद असल्याने सहज कलंडते. म्हणून ते नुसते ठोकळ्यांवर ठेवून चालत नाही. तंबूला जसे तणावे लागतात, तसे चासीला पोलादी पट्टे बांधून ते जमिनीत खोल पिळलेल्या लोखंडी गजांना ताणून बांधतात. हे काम जागेवर, बहुधा वेगळाच कंत्राटदार करतो. कारखान्याने कितीही चांगले घर दिले, तरी इथे चार पट्टे वाचवले की सगळे व्यर्थ.

ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लोरिडात अशा घरांच्या वसाहतीच्या वसाहती भुईसपाट केल्या. त्यानंतर १९९४ मध्ये नियम कडक झाले. किनाऱ्यावरच्या दोन विभागांत ताशी १०० व ११० मैल वाऱ्याचा हिशोब धरून घरे बांधणे सक्तीचे झाले. २००४ च्या चार्ली वादळात या नव्या नियमांची परीक्षा झाली. १९९४ नंतरची घरे जुन्या घरांपेक्षा पुष्कळच चांगली टिकली. ज्यांचे नुकसान झाले, त्यांतल्या अनेकांना मालकांनी नंतर जोडलेले गाडीचे पत्र्याचे छप्पर भोवले. ते उपटताना त्याने घराचा पत्राही सोबत नेला. तेव्हा 'कारखान्यातले घर उडते' हे विधान अर्धवट आहे. घर कधीचे, कोणत्या विभागासाठी आणि कसे बांधून ठेवलेले, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

घर आपले, जमीन कोणाची?

चौथ्या प्रकारचे घर चौरस फुटाला जागेवरच्या घराच्या साधारण निम्म्या किमतीत पडते. त्यात जमिनीची किंमत धरलेली नाही. सुमारे २ कोटी अमेरिकन लोक अशा घरांत राहतात. त्यांतले पुष्कळ अल्प उत्पन्नाचे किंवा निवृत्त आहेत. जमीन विकत घेणे अनेकांना परवडत नाही. ते घर विकत घेतात आणि भाड्याच्या तुकड्यावर ठेवतात.

इथे अडचण सुरू होते. जमीन आपली नसेल, तर कायदा अशा घराला बहुधा जंगम मालमत्ता मानतो. मग कर्ज मोटारीच्या कर्जासारखे मिळते, व्याज जास्त आणि मुदत कमी. जमिनीच्या मालकाने भाडे वाढवले, तर घर उचलून न्यावे म्हटले तरी ते सोपे नसते. हलवण्याचा खर्च मोठा, जुने घर प्रवासात टिकेल याची खात्री नाही, आणि दुसरी जागा मिळणे कठीण. नावात चाके असलेले हे घर एकदा बसले की सहसा हलत नाही. मालक असूनही कुटुंब भाडेकरूच राहते.

यावर एक उपाय आपल्याला ओळखीचा वाटेल. न्यू हॅम्पशायर राज्यात १९८४ मध्ये एका लहान वसाहतीतील रहिवाशांनी सहकारी संस्था काढून पायाखालची जमीनच विकत घेतली. पुढे इतर राज्यांतही असे प्रयत्न झाले. आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांची आठवण यावी असाच हा प्रकार.

मॉड्युलर आणि पॅनेलच्या घरांना ही अडचण फारशी येत नाही. ती कायमच्या पायावर, सहसा स्वतःच्या जमिनीवर उभी राहतात. म्हणून त्यांना नेहमीचे गृहकर्ज मिळते. ती तितकी स्वस्त मात्र नसतात.

सांध्याचा धडा आपल्याकडेही

हा धडा लाकडी घरांपुरता नाही. १६ मे १९६८ रोजी लंडनमध्ये रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीच्या अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. इमारत कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या मोठ्या फळ्यांची होती. एक भिंत बाहेर फेकली गेली आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. चार माणसे गेली. फळ्या मजबूत होत्या, त्यांना एकमेकींशी बांधणारे जोड कमकुवत होते.

आपल्याकडे २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमध्ये सुट्या काँक्रीटच्या भागांनी बांधलेल्या अनेक शाळाखोल्यांची छपरे खाली आली. छपराच्या फळ्या एकमेकींना आणि भिंतींना पुरेशा बांधलेल्या नव्हत्या. प्रजासत्ताक दिन असल्याने वर्ग भरलेले नव्हते. एरवी काय झाले असते, याची कल्पना शिक्षकांना सांगायला नको.

जानेवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने सहा शहरांत नव्या तंत्रांनी प्रत्येकी हजारभर घरे बांधण्याचे प्रकल्प सुरू केले. त्यांत चेन्नईला काँक्रीटचे सुटे भाग, इंदूरला पॅनेल, तर रांचीला काँक्रीटची आख्खी खोकी अशी पद्धत निवडली होती. म्हणजे हे प्रकार आता आपल्याही दारात आले आहेत. उद्या आपल्या शाळेला अशी खोली मिळाली, तर भिंतीवर टिचकी मारून पाहण्यापेक्षा छप्पर भिंतीला आणि भिंत जोत्याला कशाने बांधली आहे, हे विचारावे. घर घेणाऱ्यानेही तेच विचारावे. त्यात आणखी दोन प्रश्नांची भर घालावी. याला कोणता नियम लागू आहे? आणि खालची जमीन कोणाची?

वर्गात करून पाहा

१. औषधाचे रिकामे खोके उघडून सपाट करा. एका उभ्या खोक्याच्या जागेत अशी किती सपाट खोकी मावतात ते मोजा आणि वरच्या हिशोबाशी ताडून पाहा.

२. आइस्क्रीमच्या चार काड्या टाचण्यांनी जोडून चौकोन करा. कोपरा दाबला की तो तिरका होतो. आता एक कर्ण जोडा किंवा चौकोनावर जाड पुठ्ठा चिकटवा आणि पुन्हा दाबा. भिंतीच्या चौकटीवर तक्ता का ठोकतात, हे मुले आपणच सांगतील.

३. बुटाचे रिकामे खोके टेबलपंख्यासमोर ठेवा. ते केव्हा सरकते, केव्हा कलंडते? आत दगड ठेवून पाहा. मग दगड काढून खोके दोऱ्याने टेबलाला बांधून पाहा. दोरा दोन्ही बाजूंनी बांधणे आणि एकाच बाजूने बांधणे यात काय फरक पडतो, याची नोंद मुलांना करू द्या.